लग्नाच्या फोटोंची बॅग : आधी दुसरी बॉडी, मग भारी बॉडी

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

तुळशीची लग्नं लागली की गोव्यात मांडव उभे राहू लागतात आणि नाताळ सरला की चर्चमधल्या लग्नांची त्यात भर पडते. कॅमेरा आणि लेन्सविषयी आलेल्या पत्रांपैकी सारखी पत्रं एकत्र करून इथे घेतली आहेत. नवख्यांसाठी आधी एवढंच: बॉडी म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा, फुल फ्रेम म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटरचा मोठा सेन्सर. लेन्सचे १८-१४०, ८५ असे आकडे मिलिमीटरमधले, आकडा लहान तितकं दृश्य रुंद. एफ/ चा आकडा लहान तितका उजेड जास्त. किमती मुद्दाम दिलेल्या नाहीत. त्या हंगामागणिक बदलतात, खरेदीचा क्रम मात्र तोच राहतो.

माझ्याकडे निकॉन डी५६०० आणि तिच्यासोबत आलेली १८-१४० लेन्स आहे. आजवर दुसऱ्यांच्या हाताखाली लग्नं केली, आता स्वतःच्या नावावर ऑर्डर घ्यायच्या आहेत. दोन लाख जमवले आहेत. थेट एक चांगली फुल फ्रेम बॉडी घेऊ का? — एक वाचक, फोंडा

दोन लाखांची एकच बॉडी घेतलीत तर मुहूर्ताला ती एकटीच असेल. शटर अडकलं किंवा गर्दीत धक्का लागून कॅमेरा पडला, की पुढचे विधी मोबाइलवर काढायची पाळी. त्यामुळे दोन बॉडी, दोन फ्लॅश आणि मुख्य लेन्सने दगा दिला तर वेळ निभावून नेईल अशी दुसरी लेन्स, एवढं झाल्याशिवाय भारी वस्तूकडे बघूच नका. तुमची डी५६०० विकू नका. विकून हाती फारसं काही येणार नाही आणि राखीव बॉडी म्हणून ती अजून चांगली चालेल.

मुख्य बॉडी म्हणून मात्र ती कमी पडते, आणि त्याचा २४ मेगापिक्सेलशी काही संबंध नाही. तिला कार्डाची एकच खाच आहे. कार्ड मेलं की लग्न गेलं. हाय स्पीड सिंक नाही, म्हणजे फ्लॅश लावला की शटर १/२०० सेकंदाहून जलद होत नाही आणि दुपारच्या उघड्या मांडवात तिथेच अडतं. शटर आणि अ‍ॅपर्चरला (लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र) मिळून एकच चाक आहे, त्यामुळे मॅन्युअलवर घाईत बोटं चुकतात. बॉडीत फोकसची मोटर नसल्यामुळे जुन्या एएफ-डी लेन्स तिच्यावर हाताने फोकस कराव्या लागतात. आणि १८-१४० ही लेन्स १४० ला एफ/५.६ वर येते, म्हणजे एफ/२.८ च्या चौथा हिस्सा उजेड. सभागृहात एफ/२.८ ला जिथे आयएसओ (सेन्सरची उजेडाबद्दलची संवेदनशीलता) ३२०० पुरतं, तिथे हिला १२८०० लागेल. शालूचं जरीकाम त्या दाणेदारपणात हरवून जातं.

खरेदीचा क्रम आम्ही असा लावू. सर्वांत आधी दोन फ्लॅश आणि ते कॅमेऱ्यावरून पेटवणारा एक ट्रिगर. सभागृहातल्या दिव्यांचा उजेड डोक्यावरून पडतो, डोळ्यांच्या खोबणी काळ्या दिसतात आणि नवरीच्या मुंडावळ्यांची सावली गालावर येते. पांढऱ्या छतावर किंवा बाजूच्या भिंतीवर मारलेला एक फ्लॅश जो फरक पाडतो, तो बॉडी बदलून पडत नाही. गोडॉक्सची २.४ गिगाहर्ट्झवर चालणारी यंत्रणा घेतलीत तर उद्या कॅमेऱ्याची कंपनी बदलली तरी स्टँडवरचे फ्लॅश तेच राहतात, फक्त कॅमेऱ्यावरचा ट्रिगर त्या कंपनीचा घ्यावा लागतो.

त्यानंतर निकॉनच्या जुन्या एफ माउंटमधली (माउंट म्हणजे लेन्स बॉडीला बसते ती जोडणी), फुल फ्रेमसाठीच बनलेली, वापरलेली २४-७० एफ/२.८. डीएक्स, म्हणजे डी५६०० सारख्या लहान सेन्सरसाठीची लेन्स आता घेऊ नका. उद्या ती फुल फ्रेमवर लावलीत की कॅमेरा चित्र कापून घेतो आणि २४ मेगापिक्सेलचे साधारण दहा उरतात. उलट फुल फ्रेमची लेन्स आज डी५६०० वर ३६-१०५ सारखी चालेल आणि मोठ्या ग्रुपसाठी तुमची १८-१४० आहेच.

तिसरी खरेदी बॉडीची, आणि तीही दोन खाचा असलेली. तुमच्या परिस्थितीत निकॉन झेड५, नवी किंवा जुनी, आणि तिच्यासोबत जुन्या एफ माउंटच्या लेन्स बसवणारा एफटीझेड अ‍ॅडॅप्टर हा सरळ मार्ग. दोन्ही खाचा एसडीच्या आहेत आणि एएफ-एस (स्वतःची मोटर असलेल्या) लेन्स अ‍ॅडॅप्टरवर ऑटोफोकससह चालतात. टॅमरॉन किंवा सिग्माची जुनी लेन्स घेत असाल तर तिचं फर्मवेअर एफटीझेडसाठी अद्ययावत आहे का, ते दुकानातच बॉडीवर लावून बघा. नसेल तर फोकस अडखळतो. ढोबळमानाने निम्मे पैसे बॉडी आणि अ‍ॅडॅप्टरला, तिसरा हिस्सा लेन्सला, उरलेले फ्लॅश, कार्डं आणि बॅटऱ्यांना. ८५ एफ/१.८ पुढच्या हंगामाच्या कमाईतून.

कॅन्डिड करणारे सगळे ३५ आणि ८५ प्राइम (झूम नसलेल्या लेन्स) वापरताना दिसतात. मीही २४-७० न घेता तेच दोन घेऊ का? — एक वाचक, मडगाव

अंतरपाट दूर होतो त्या वेळेचा विचार करा. शेवटचं 'सावधान' होतं, वाजंत्री सुरू होते, अक्षता पडतात, पाट निघतो, हार गळ्यात जातात. सगळं मिळून काही सेकंद. नेमके त्याच वेळी मागचे नातेवाईक उठून मोबाइल पुढे करतात आणि तुम्ही तासभर धरून ठेवलेल्या जागेत कोणाचा तरी खांदा येतो. तुम्हाला पुढे सरकावं लागतं किंवा मागे रेटलं जातं. तीन मीटरवरून फुल फ्रेमवर २४ ला साडेचार मीटर रुंदीचं दृश्य मावतं, ३५ ला तीन मीटर, ७० ला दीड, ८५ ला सव्वा. झूम असेल तर मनगट फिरवून हे सगळं हाती येतं. ३५ असेल तर पाय हलवावे लागतात, आणि तिथे पाय ठेवायला जागा नसते. ८५ वर मग एकच चेहरा येतो, हार घालणारा हात कापला जातो.

दुसरी गोष्ट फोकसच्या खोलीची. ८५ एफ/१.८ पूर्ण उघडी ठेवून अडीच मीटरवरून काढलं तर स्वच्छ दिसणारी खोली सुमारे ९ सेंटीमीटर. नवरा-नवरी खांद्याला खांदा लावून उभे राहिले तरी एकाचा चेहरा वीतभर मागे असतोच, आणि तो गेला. एफ/४ ला हीच खोली २१ सेंटीमीटर होते. म्हणजे दोघांच्या फोटोत तुम्ही त्या महागड्या लेन्सचं छिद्र लहान करूनच वापरणार. एफ/१.८ ची खरी मजा एकट्या चेहऱ्यात: चुडा भरताना नवरीचा, पाठवणीच्या वेळी आईचा.

मुहूर्तासाठी सेटिंग आधीच लावून ठेवायचं: मॅन्युअल, शटर तुमच्या बॉडीचा सिंक (फ्लॅशसोबत चालणारी सर्वांत जलद गती) असेल तितका म्हणजे १/२०० किंवा १/२५०, एफ/४, आयएसओ १६०० ते ३२००, फ्लॅश छतावर. वेगाचं कारण अक्षता. ताशी १५ किलोमीटरने उडालेला दाणा १/१२५ सेकंदात तीन सेंटीमीटरहून जास्त सरकतो, म्हणजे तांदूळ न दिसता पांढरे ओरखडे दिसतात. काहींना ते आवडतात, गिऱ्हाइकाला बहुधा नाही. मांडव उघड्यावर असेल आणि फ्लॅशची गरज नसेल तर १/५०० ला दाणे सुटे दिसतात.

याच वेळी आय डिटेक्शन, म्हणजे डोळे शोधून त्यांवर फोकस करणारी सोय, दोन गोंधळ घालतं. पाटामुळे नवरीचा चेहरा झाकला की ते भटजींच्या डोळ्यांवर जाऊन बसतं, आणि अक्षता उडाल्या की जवळच्या दाण्यांकडे धावतं. पाट असेपर्यंत फोकसची चौकट लहान करून नवरीच्या बाजूला ठेवा. ट्रॅकिंगची संवेदनशीलता कमी करून ठेवली की मधे आलेल्या वस्तूकडे कॅमेरा लगेच वळत नाही. ही सोय सोनी, कॅनन आणि निकॉन तिघांच्या मेन्यूत आहे, नावं तेवढी वेगळी.

तेव्हा एका खांद्यावर २४-७०, दुसऱ्यावर ८५, ही आमची निवड. ३५ एफ/१.८ नंतर घ्या. नवरीच्या खोलीसारख्या अरुंद, अंधाऱ्या जागेत तिचा उपयोग होतो. सोनीवर टॅमरॉनची २८-७५ एफ/२.८ हलकी आणि पुरेशी चांगली आहे, फक्त खालचे चार मिलिमीटर गमावता. ऐकायला किरकोळ वाटतं. पण दहा माणसं एका ओळीत म्हणजे पाच मीटर रुंदी. त्यासाठी २४ ला सुमारे साडेतीन मीटर मागे जावं लागतं, २८ ला चार. देवळाच्या अरुंद मंडपात हे अर्धं पाऊल भिंतीत जातं.

जुना फुल फ्रेम डीएसएलआर स्वस्तात मिळतोय. तो घ्यावा की मिररलेसच? कंपनी कोणती? — एक वाचक, डिचोली

जुना डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला कॅमेरा, वाईट नाही, पण नीट निवडा (मिररलेसला तो आरसा नसतो). कॅनन ५डी मार्क तीन आणि चार, निकॉन डी७५० आणि डी८५० यांना दोन खाचा आहेत. ५डी मार्क तीनमध्ये एक अडचण आहे: तिची एसडीची खाच हळू आहे, आणि दोन्ही कार्डांवर एकदम लिहायला लावलं की सगळा कॅमेरा त्या हळू खाचेच्या चालीने चालतो. कॅनन ६डी आणि ६डी मार्क दोन मात्र एकाच खाचेच्या. मिररलेसमध्येही कॅनन आर, आरपी आणि आर८, निकॉनची पहिली झेड६, सोनीच्या ए७सी आणि ए७सी दोन यांना एकच खाच आहे. त्यांच्या बाकी गुणांबद्दल तक्रार नाही, त्या लग्नात दुसरी बॉडी म्हणून वापरा. सोनी ए७ तीन आणि ए७ चार, कॅनन आर६ आणि आर६ मार्क दोन, निकॉन झेड५, झेड६ दोन आणि झेड५ दोन या मुख्य म्हणून चालतात.

घेताना शटर काउंट, म्हणजे आजवर किती क्लिक झाले ते, विचारा. डी७५० आणि ५डी मार्क चारचं शटर कंपनी दीड लाख क्लिकपर्यंत तपासलेलं सांगते. एका लग्नात अडीच हजार क्लिक धरले तर तीस लग्नांत ७५ हजार होतात. ८० हजारांवर आलेली बॉडी तुमच्याकडे एक हंगाम सहज काढेल, पुढचं नशिबावर. दीड लाख झाल्यावर शटर लगेच मोडतं असं नाही, पण बदलायचा खर्च भाव ठरवताना धरा.

डीएसएलआरची दुसरी कटकट फोकस पुढे-मागे पडण्याची. फोकस मोजणारा भाग सेन्सरपासून वेगळा असल्याने विशिष्ट बॉडी आणि विशिष्ट लेन्स यांची जोडी जमत नाही असं होतं. ८५ एफ/१.८ वर डोळ्यांऐवजी कान स्वच्छ दिसतो. वर सांगितलेल्या चारही बॉडींमध्ये प्रत्येक लेन्ससाठी बारीक दुरुस्ती करता येते. डी५६०० सारख्यांत नाही. मिररलेसमध्ये फोकस सेन्सरवरच मोजला जातो, त्यामुळे हा प्रश्न उरत नाही. आमच्या मते आज पैसे घालताना मिररलेसकडे झुकावं याचं मोठं कारण हेच, व्हिडिओ वगैरे नंतर.

कंपनीबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. ज्यांच्यासोबत तुम्ही काम करता त्यांच्याकडे जी आहे ती घ्या. ऐन वेळी लेन्स, बॅटरी, चार्जर उसना मिळतो. लेन्सचा हिशेब तेवढा आधी करा: सोनीला टॅमरॉन-सिग्माच्या लेन्सची सर्वांत जास्त निवड आहे. कॅननच्या आरएफ या मिररलेस माउंटमध्ये फुल फ्रेमसाठी या दोघांच्या ऑटोफोकस लेन्स नाहीत, पण डीएसएलआरच्या जुन्या ईएफ लेन्स कंपनीच्या अ‍ॅडॅप्टरवर फार छान चालतात आणि त्या बाजारात भरपूर आहेत.

बार्देशातल्या एका चर्चमधलं लग्न मिळालं आहे. फादरनी फ्लॅश चालणार नाही आणि वेदीजवळ यायचं नाही असं सांगितलं आहे. कोणती लेन्स लागेल? — एक वाचक, म्हापसा

७०-२०० एफ/२.८, आणि ती नसेल तर भाड्याने आणा. पंधरा मीटरवरून २०० ला आडव्या फ्रेममध्ये २.७ मीटर रुंदी येते: वेदीसमोरचं जोडपं, फादर आणि बाजूला एखादा साक्षीदार. ८५ ला त्याच जागेवरून सहा मीटरहून अधिक येतात, म्हणजे माणसं बारीक आणि बाकं भरपूर. एफ/४ ची ७०-२०० हलकी असते, स्वस्तही असते, पण फ्लॅशवर बंदी असलेल्या जागी एक स्टॉप म्हणजे ३२०० ऐवजी ६४००. इथे ती परवडत नाही.

सुरुवात १/१६०, एफ/२.८, आयएसओ ३२०० पासून करा आणि उजेड बघून ६४०० पर्यंत जा. लेन्समधलं स्टॅबिलायझर तुमचा हात सांभाळतं, समोरच्या माणसाची हालचाल नाही. त्यामुळे ते आहे म्हणून १/४० वर उतरू नका. जोडपं मधल्या वाटेने चालत बाहेर येतं तेव्हा १/२५० आणि सतत चालणारा फोकस. दार त्यांच्या पाठीमागे आलं की तिथल्या उन्हाने चेहरे काळे पडतात, म्हणून दोघं दारापासून तीन-चार बाकं आत असतानाच फोटो घ्या. तिथे बाहेरचा उजेड समोरून चेहऱ्यावर पडतो, तुम्ही दाराकडे पाठ करून उभे असता.

आता पांढरा गाऊन आणि काळा सूट. फ्रेम गाऊनने भरली की कॅमेऱ्यातला उजेडमापक त्याला करडा करतो, तेव्हा अधिक दोन तृतीयांश ते एक स्टॉप द्यावा लागतो. सूटने भरली की उलट. प्रत्येक फोटोला हे करत बसण्यापेक्षा मॅन्युअल ठेवा, झेब्रा किंवा हायलाइटची उघडझाप (फार उजळ भाग दाखवणारे पट्टे किंवा लुकलुक) चालू करा, आणि गाऊनवर ती जेमतेम सुरू होईल इतकाच उजेड घ्या. काळ्या सुटाची घडी रॉ (कॅमेऱ्यातून आलेल्या कच्च्या) फाइलमधून नंतर वर काढता येते. गाऊनवरची लेस एकदा फिक्कट होऊन गेली की परत येत नाही.

सायलेंट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटरचा मोह होतो. चर्चमध्ये एलईडी दिवे असतील तर आधी रिकाम्या वेदीचे पाच-सहा फोटो काढून आडवे पट्टे येतात का ते बघा. येत असतील तर यांत्रिक शटर, शांत मोडवर. आणि हो, इतर चर्चमध्ये फ्लॅशला परवानगी असली तरी छतावर मारून उपयोग होईल असं समजू नका. जुन्या चर्चचं छत उंच आणि बऱ्याचदा लाकडी असतं. उजेड वर जाऊन परत येईपर्यंत संपतो, आणि आलाच तर तपकिरी होऊन येतो. बाजूची चुन्याची पांढरी भिंत जवळ असेल तर ती वापरा.

परवानगीबद्दल: उभं कुठे राहायचं हे लग्नाच्या दिवशी न विचारता आदल्या आठवड्यात फादरना भेटून ठरवा. देवळांतही तसंच, फोंडा तालुक्यातल्या देवळांच्या परिसरात लग्न असेल तर सभागृहात मोकळीक असली तरी गर्भगृहाकडे कॅमेरा वळवायच्या आधी विचारा.

लेन्सवर यूव्ही फिल्टर कायम ठेवावा का? — एक वाचक, केपे

रोसाच्या कार्यक्रमात (ख्रिस्ती लग्नाआधी नारळाचा रस लावायचा विधी) आणि हळदीला ठेवा. नारळाचा रस उडतो, हळदीचे तेलकट हात लेन्सकडे येतात. समुद्रकिनारीही ठेवा. रात्रीच्या रिसेप्शनला, चर्चमधल्या मेणबत्त्यांसमोर आणि सूर्य फ्रेममध्ये असताना काढून टाका, कारण सपाट काचेवरून दिव्यांची हिरवी उलटी प्रतिबिंबं चित्रात येतात. लेन्स हूड मात्र नेहमी. पडझडीत फिल्टरपेक्षा तोच जास्त वाचवतो.

आमच्याकडे समुद्रकिनाऱ्यावरची लग्नं जास्त असतात. हॉटेलच्या खोलीतून बाहेर आलं की लेन्स धुरकट होते. शिवाय पावसाळ्यानंतर एका लेन्समध्ये जाळं दिसलं. काय करावं? — एक वाचक, काणकोण

दोन्हींचं मूळ दमटपणात आहे. बाहेर ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर सुमारे २६ अंशांहून थंड असलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर पाणी धरतं. एसीच्या खोलीतला कॅमेरा २२ अंशांवर असतो, मग तो धुरकटणारच. पुसून उपयोग नाही, काच थंड आहे तोवर पाणी पुन्हा धरतं. नवरीची तयारी एसीत काढून झाली की कॅमेरे बॅगेत घालून चेन बंद करा आणि बॅग अर्धा तास बाहेर सावलीत ठेवा. बॅगेला जागा नसेल तर घट्ट तोंडाची मोठी प्लास्टिक पिशवी चालते. पाणी पिशवीवर धरतं, काचेवर नाही. थंड असताना लेन्स बदलू नका, नाहीतर हेच सेन्सरवर होईल. ज्याला घाई असेल त्याने एक बॉडी एसीत न्यायचीच नाही, बाहेरच ठेवायची.

वाळूवर लेन्स बदलणं टाळा. दोन बॉडींचा इथे पुन्हा उपयोग. घरी आल्यावर आधी ब्लोअरने वाळू उडवा. आधी फडकं फिरवलंत तर वाळूच काचेवर ओरखडे काढते. मग साध्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या कापडाने बॉडी आणि बॅरल पुसा, कारण खार कोरड्या कापडाने निघत नाही. शेवटी कोरडं कापड. माउंटच्या धातूच्या टोकांना ओलं कापड लावायचं नाही.

सूर्यास्ताआधीचा एक तास म्हणजे डिसेंबरात साधारण पाच ते सहा. त्याआधीच्या कडक उन्हात एफ/२.८, आयएसओ १०० ला शटर १/३२०० पर्यंत जातं. तिथे साधा फ्लॅश हाय स्पीड सिंकवर दमतो, दोन मीटरच्या पलीकडे फारसं काही पोहोचत नाही. किनाऱ्यावर नियमित काम असेल तर २०० वॉट-सेकंदाचा बॅटरीवरचा दिवा घ्या, आणि स्टँडच्या पायाला वाळूची पिशवी बांधा. वाऱ्यात छत्री उडते.

जाळं म्हणजे बुरशी. ती वाढताना आम्ल सोडते आणि काचेवरचा लेप खाते. तेवढं झालं की साफ करूनही डाग राहतो, म्हणून सुरुवातीलाच दुरुस्तीला द्या आणि तोवर ती लेन्स इतरांपासून वेगळी ठेवा. जून ते सप्टेंबर कामं कमी असतात आणि सामान बॅगेतच पडून राहतं, घात तिथे होतो. फोमची किंवा चामड्याची बॅग ओल धरून ठेवते. ड्राय कॅबिनेट घ्या आणि आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर ठेवा. ३० च्या खाली नेऊ नका, रबर आणि वंगण सुकतं. परवडत नसेल तर रबरी कडेचा हवाबंद डबा, आत पाव किलो सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. जेल नारंगी घ्या, ओल शोषली की हिरवी होते. ओव्हनमध्ये सुमारे ११० अंशांवर दोन तास ठेवली की परत नारंगी. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असतं, ती स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये घालू नका. तांदळाच्या डब्यात कॅमेरा ठेवायचा सल्ला अजून दिला जातो. तांदळाची पूड लेन्सच्या रिंगमध्ये जाते, बाकी काही होत नाही.

रिसेप्शनला स्टेजमागच्या एलईडी पडद्यामुळे फोटोत काळे पट्टे येतात. — एक वाचक, वास्को

इलेक्ट्रॉनिक शटर बंद करा, निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. ते सेन्सर ओळीओळीने वाचतं आणि पडदा सेकंदाला कित्येक वेळा उघडझाप करत असतो, त्यामुळे काही ओळी अंधारात सापडतात. मग शटर १/१०० किंवा १/१२५ वर आणा. ट्यूब आणि साधे दिवे आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेवर सेकंदाला १०० वेळा फडफडतात, त्यांना १/१०० किंवा १/५० जुळतं. पडद्याची फडफड त्याहून वेगळी असते, म्हणून कार्यक्रमाआधी पडदा चालू करायला सांगून एकेक पायरी बदलत पट्टा नाहीसा होईल ती गती शोधून ठेवा. पडद्याच्या उजेडाची तीव्रता वाढवायला सांगितली तरी अनेकदा पट्टे कमी होतात.

याहून गंभीर गोष्ट डीजेचा लेझर. त्याचा किरण थेट लेन्समध्ये आला तर सेन्सरवर कायमची रंगीत रेघ किंवा ठिपके उठतात. मिररलेसचा सेन्सर कॅमेरा चालू असेपर्यंत उघडाच असतो, आरशाआड नसतो. डीजेला आधी भेटून लेझर प्रेक्षकांच्या डोक्यावरून ठेवायला सांगा. ऐकत नसेल तर नाचाच्या वेळी जुनी बॉडी पुढे करा.

वापरलेली ७०-२०० घेताना काय तपासू? — एक वाचक, कुडचडे

मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने तिरका मारा आणि समोरून बघा, मग उलट. धुळीचे कण असणारच, त्याने काही बिघडत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी; कडेला गोलाकार दुधी छटा म्हणजे भिंगांची डिंकजोड सुटते आहे. दोन्हींत परत द्या. अ‍ॅपर्चरची पाती तेलकट असतील तर ती अडकतात आणि फोटो अधूनमधून पांढरे येतात. एफ/११ ला दहा फोटो लागोपाठ काढून उजेड एकसारखा आहे का बघा.

मग गिलावा न केलेल्या चिऱ्याच्या भिंतीसमोर कॅमेरा ट्रायपॉडवर अगदी सरळ लावा. चिऱ्याची छिद्रं अशा तपासणीला छापील तक्त्याहून बरी. एफ/२.८ ला ७०, १३५ आणि २०० वर एकेक फोटो घ्या आणि चारही कोपरे मोठे करून बघा. चारही थोडे मऊ असले तर ती लेन्सची प्रकृती. एकच कोपरा किंवा एकच बाजू धुरकट असेल तर लेन्स कधीतरी पडली आहे आणि भिंग सरकलं आहे. ही दुरुस्ती महाग जाते. स्टॅबिलायझर चालू करून कानाजवळ धरा: बारीक गुणगुण ठीक, टकटक नको.

कार्डं आणि बॅटऱ्या किती? — एक वाचक, पेडणे

२४ मेगापिक्सेलची रॉ फाइल साधारण २५ ते ३० एमबी धरा. तीन हजार फोटोंना ८५ जीबीच्या आसपास. प्रत्येक बॉडीत १२८ जीबीच्या कार्डांची जोडी घाला आणि मेन्यूत दुसरी खाच 'बॅकअप'वर ठेवा. कित्येक बॉडी दुकानातून येतात तेव्हा ती 'ओव्हरफ्लो'वर असते, म्हणजे पहिलं भरलं की दुसरं, आणि दोन खाचा असूनही प्रत एकच राहते. त्याच दिवशी दोन्ही कॅमेऱ्यांचं घड्याळ सेकंदापर्यंत जुळवा, नाहीतर अल्बम लावताना हार आधी आणि अंतरपाट नंतर येतो.

प्रत्येक मिररलेस बॉडीला तीन बॅटऱ्या, त्यातली निदान एक कंपनीची. फ्लॅशला लिथियम बॅटरी असेल तर पूर्ण ताकदीच्या ४८० चमका कंपन्या सांगतात; छतावर मारताना ताकद जास्त लागते, म्हणून एक जादा. पेन्सिल सेलवर चालणारा फ्लॅश असेल तर रिचार्जेबल चारचे तीन संच, आणि संच आपसात मिसळायचे नाहीत. चारांत एक दमलेला असला की बाकी तीनही त्याच्याबरोबर बसतात.

अंगठ्यांच्या फोटोसाठी मॅक्रो (अगदी जवळून काढायची) लेन्स घ्यायलाच हवी का? — एक वाचक, साखळी

सुरुवातीला नको. ५० मिलिमीटर लेन्समागे २५ मिलिमीटरची एक्स्टेंशन ट्यूब (लेन्स बॉडीपासून पुढे नेणारी पोकळ नळी) लावली की वस्तू सेन्सरवर निम्म्या आकाराची येते. वीस मिलिमीटरची अंगठी १० मिलिमीटर, म्हणजे फ्रेमच्या उंचीच्या चाळीस टक्के. एवढं अल्बमला पुरतं. ट्यूब धातूचे संपर्क असलेली घ्या, नाहीतर अ‍ॅपर्चर आणि फोकस दोन्ही चालत नाहीत. काढताना एफ/११, फ्लॅश बाजूच्या भिंतीवर, आणि अंगठी काळ्या मोबाइलच्या काचेवर ठेवायची असेल तर काच आधी पुसून घ्या. बोटांचे ठसे हिऱ्याहून ठळक येतात.